आधी जेट, मग टायमिंग

कळंब तालुक्यात रांजणी आणि चोराखळीला उसापासून इथेनॉल होतं.   पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचं 2030चं उद्दिष्ट केंद्राने 2025वर आणलं आणि शेतातला ऊस गाडीच्या टाकीत पोचला.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला मात्र हा बदल आपोआप कळत नाही.

अशा पॉइंटवाल्या बुलेटचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, लावणं बघण्यासारखं असतं. मिस्त्री प्लग काढून पिस्टन वर आणतो आणि वरच्या टोकाच्या साधारण 0.8 मिलिमीटर अलीकडे थांबवतो. पॉइंटच्या फटीत सिगारेटचा पातळ कागद धरून पॉइंटची प्लेट हळूहळू फिरवतो. कागद सैल सुटला, की पॉइंट उघडला. ठिणगी तिथेच पडणार. स्क्रू आवळताना प्लेट केसभर जरी सरकली तरी पुन्हा पहिल्यापासून.

इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, शिवाय वाफ होताना ते भरपूर उष्णता शोषून घेतं. त्यामुळे इंजिन सहजासहजी नॉक करत नाही आणि ठिणगी थोडी आधी पाडता येते. म्हणून बरेच जण थेट प्लेटलाच हात घालतात. ही घाई चुकीची आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त 9 किलो. कार्ब्युरेटरमध्ये इंधन सोडणारा जेट जुनाच ठेवला तर मिश्रणात हवा जास्त आणि इंधन कमी पडतं. असं मिश्रण सावकाश जळतं, गाडी दम टाकते. टायमिंग पुढे घेतलं, म्हणजे ठिणगी आधी पाडली, की क्षणभर बरं वाटतं, पण मूळ दुखणं तसंच राहतं.

म्हणून आधी मेन जेट एक नंबर मोठा टाकायचा आणि गाडी पळवून प्लग बघायचा. पांढरट असेल तर इंधन अजून कमी, काजळी असेल तर जास्त, विटकरी असेल तर बेत जमला. त्यानंतरच टायमिंग किंचित पुढे घ्यायचं. परीक्षा तुळजापूरच्या घाटात, मागे माणूस बसवून. चढावर खडखड ऐकू आली किंवा किक उलटी मारायला लागली, तर टायमिंग मागे घ्यायचं.

2020नंतरच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत ठिणगीची वेळ ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. तिथे पाना लावायला जागाच नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. त्यामुळे मायलेज थोडं घटणारच, आणि ते नुसत्या टायमिंगने भरून काढून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. त्यापेक्षा जुन्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप इथेनॉलने खराब होण्याआधी बदलून घ्या.