लेहरा धरणारं यंत्र

1963 साली पॅरिसमध्ये, फ्रेंच रेडिओच्या स्टुडिओत, टेरी रायली या अठ्ठावीस वर्षांच्या अमेरिकन संगीतकाराने एका ध्वनितंत्रज्ञापुढे एक अडचण मांडली. एका नाटकासाठी ट्रम्पेटवादक चेट बेकर यांच्या चमूचं वादन ध्वनिमुद्रित झालं होतं. रायली यांना ते वादन स्वतःच्याच अंगावर थर चढवत जाताना ऐकायचं होतं. तंत्रज्ञाने दोन टेपरेकॉर्डर शेजारी मांडले आणि एकच फीत दोन्हींतून ओवली. पहिला मुद्रण करी, दुसरा तेच जरा उशिरा वाजवी आणि वाजलेला आवाज पुन्हा पहिल्याकडे जाई. दोन यंत्रांमधलं अंतर वाढवलं की उशीर वाढे. बस, एवढंच. पण माणसाने फुंकलेला एक सूर आता माणूस थांबल्यावरही घोळत राहू लागला.

पुढे रायली यांनी स्वतः सॅक्सोफोन हातात घेतला आणि ते याच जुळणीवर तासन्‌तास वाजवू लागले. 1967 मध्ये फिलाडेल्फियाच्या कला महाविद्यालयात त्यांनी रात्रभराची मैफल केली, तेव्हा श्रोते हॅमॉक आणि अंथरुणं घेऊन आले होते. रात्र जागवणाऱ्या मैफलींची सवय असलेल्या मराठी रसिकाला यात नवल वाटायचं नाही; अमेरिकेत मात्र ते नवलच होतं. 1969 मध्ये आलेल्या त्यांच्या तबकडीची एक अख्खी बाजू अशाच सॅक्सोफोनने भरली आहे.

यानंतरचा धागा थेट आपल्याकडे येतो. 1970 मध्ये रायली पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँ यांच्या तालमीतले. म्हणजे मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँ यांच्याच घराण्यातले. प्राणनाथ यांचा तंबोऱ्याचा आग्रह असा की त्यांचे दुसरे अमेरिकन शिष्य ला माँट यंग यांनी 1982 मध्ये नुसत्या तंबोऱ्यांचं स्वतंत्र ध्वनिमुद्रण केलं. इलेक्ट्रॉनिक संगीतात दीर्घकाळ धरून ठेवलेल्या स्वराला जी प्रतिष्ठा मिळाली, तिच्यात या गुरूचा वाटा मोठा आहे आणि त्याची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही.

रायली शिष्य झाले त्याच सुमारास बर्लिनमध्ये वेगळ्या वाटेने तसंच काही चाललं होतं. टँजरिन ड्रीम या गटाने 1972 मध्ये ‘त्साइट’ ही दुहेरी तबकडी काढली. चार बाजू, चार रचना आणि ठोका कुठेच नाही. पहिल्या बाजूवर चार चेलोवादक बसवले होते. त्याच वर्षी त्या गटाचे जुने ड्रमवादक क्लाउस शुल्झे यांची ‘इर्लिश्ट’ आली. शुल्झे यांच्याकडे तेव्हा सिंथेसायझर नव्हता. त्यांनी विद्यापीठातल्या वाद्यवृंदाची तालीम टेपवर घेतली, ती उलटी वाजवली आणि वर नीट न चालणारा ऑर्गन चढवला. पैसे नसल्यामुळे अशा युक्त्या सुचतात.

1975 च्या आसपास त्यांच्याकडे मूग कंपनीचा अवाढव्य सिंथेसायझर आला. त्यासोबतचा सिक्वेन्सर म्हणजे ठरावीक सुरांची साखळी न थकता फिरवत ठेवणारं यंत्र. अर्धा तास म्हणा, एक तास म्हणा, त्याला काही फरक पडत नाही. ऐकणाऱ्याला मात्र पडतो: दहाव्या मिनिटाला कान विटतात. मग 1978 च्या ‘एक्स’मध्ये शुल्झे यांनी चेलोवादक वोल्फगांग टीपोल्ड यांना बोलावलं आणि पुढच्या वर्षी ‘ड्यून’ ही तीस मिनिटांची रचना आली.

‘ड्यून’मध्ये ठाम ठोका जवळजवळ नाहीच. सिंथेसायझरचे लांबच लांब पट्टे सरकत असतात आणि त्यांच्यावरून चेलो स्वतःच्या मर्जीने चालतो. कान देऊन ऐकलं तर गज तारेला लागतानाची खरखर ऐकू येते, आणि गज परतताना सूर किंचित दबतो. यंत्राच्या स्वराला सुरुवातीची ती खरखर नसते आणि हात दमल्याची खूणही नसते. याच नावाच्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर गायक आर्थर ब्राउन यांचं पठण आहे. ते मात्र इतकं नाटकी झालं आहे की सुई उचलावीशी वाटते. शब्द आले की लक्ष अर्थाकडे जातं आणि संगीताचा अवकाश आक्रसतो.

चेलोच का, सॅक्सोफोनच का? एक तर दोन्ही वाद्यं सूर लांबवू शकतात. दुसरं म्हणजे ती गरजेप्रमाणे सूर जरा वर-खाली घेऊ शकतात. जुने सिंथेसायझर तापले की त्यांचा स्वर सरके; टँजरिन ड्रीमच्या 1974 च्या ‘फेड्रा’मध्ये तो सरकलेला ऐकू येतो. पडदे नसलेल्या चेलोवर बोट केसभर हलवून वादक यंत्राला सांभाळून घेऊ शकतो. पियानोला ते जमत नाही.

पण खरा प्रश्न काळाचा आहे. यंत्र कोणासाठी थांबत नाही, माणसाला श्वास घ्यावा लागतो. याचं उत्तर तबल्याच्या एकल वादनात फार पूर्वीच सापडलेलं आहे. सारंगी किंवा हार्मोनियम लेहरा धरते, तीच ओळ आवर्तनामागून आवर्तन, आणि तबलजी तिच्या भरवशावर दूरवर फिरून समेवर येतो. सिक्वेन्सरने लेहऱ्याचं काम केलं की मेळ बसतो. तो स्वतःच कायदे-रेले वाजवू लागला की जिवंत वादकाला ताल सांभाळण्यापलीकडे काही उरत नाही. मुंबईत 1982 मध्ये चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवले, तेव्हा त्यांनी हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला: जिवंत वाद्य ठेवलंच नाही. 2010 मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली आणि जगभर गाजली. पण ती वाट निराळी.

या मेळाचा अलीकडचा सर्वांत देखणा नमुना म्हणजे 2021 ची ‘प्रॉमिसेस’. इंग्लंडचे सॅम शेफर्ड, म्हणजे ‘फ्लोटिंग पॉइंट्स’, अमेरिकेचे सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा. शेफर्ड यांनी मज्जाविज्ञानात डॉक्टरेट केलेली, तर सँडर्स जॅझचे दिग्गज जॉन कोलट्रेन यांच्यासोबत वाजवलेले. तबकडी आली तेव्हा वय 80. सुमारे 46 मिनिटांची रचना, नऊ भाग, आणि तिच्या तळाशी सात सुरांची एक छोटी ओळ, जी दर काही सेकंदांनी परत येते.

तरुणपणी किंकाळीसारखा सॅक्सोफोन वाजवणारे सँडर्स इथे अगदी कमी वाजवतात. एखादा वाक्यांश, मग गप्प. ती ओळ दोनदा येऊन जाते, ते थांबूनच. चौथ्या भागात तर सॅक्सोफोन बाजूला ठेवून ते शब्दांविना नुसते पुटपुटतात. सहाव्या भागात तंतुवाद्यं चढत जातात तेव्हाही ती सात सुरांची ओळ घाई करत नाही. न वाजवण्याचं स्वातंत्र्य वादकाला देणं, ही शेफर्ड यांची खरी करामत. सँडर्स 2022 च्या सप्टेंबरमध्ये गेले. पुढच्या वर्षी हॉलिवुड बोलमध्ये ही रचना मंचावर झाली तेव्हा सॅक्सोफोन शबाका हचिंग्ज यांच्याकडे होता.

मंचावर हे सारं कठीण जातं. लाकडी वाद्याची पोकळी स्पीकरचा आवाज स्वतःत ओढून घेते आणि माइक शीळ घालू लागतो. शीळ टाळायला वाद्याला चिकटवायचा पिकअप लावला तर आवाज कोरडा पडतो. बर्लिनच्याच एबलटन कंपनीने 2001 मध्ये ‘लाइव्ह’ हे सॉफ्टवेअर आणल्यापासून टेपच्या फितीचं काम लॅपटॉप करतो. शिळेचा प्रश्न मात्र साउंडवाल्याच्याच हातात राहिला आहे.

ऐकायला सुरुवात करायची तर आधी ‘प्रॉमिसेस’, मग ‘ड्यून’ची पहिली बाजू आणि धीर उरला तर ‘त्साइट’. हेडफोन लावा, मोबाइलवरचं शफल बंद करा आणि ‘प्रॉमिसेस’चे नऊ भाग सुटे ऐकू नका.