ग्रीस : कोणते, कुठे आणि किती ?



ऐन हंगामात गव्हाण थांबली की यार्डात एकच प्रश्न, "काय झालं?" कधी कधी उत्तर येते, "बेअरिंग गेलं." मग गाड्या तटतात, तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, उतारा पडतो. म्हणून ग्रीस हा एकट्या फिटरचा विषय नव्हे, आपल्या उसाच्या पैशाचाही आहे.

ग्रीस म्हणजे तेल आणि ते धरून ठेवणारा एक प्रकारचा साबण. वात जशी तेल धरते, तसा हा साबण तेल धरतो आणि लागेल तसे थोडे थोडे सोडतो. नुसते तेल ओघळते; ग्रीस जागेवर राहते व धूळ-पाणी आत येऊ देत नाही. मात्र ते उष्णता वाहून नेत नाही. म्हणून टर्बाईनला फिरते तेलच लागते.

साबण बदलला की जात बदलते. कॅल्शियमचे साधे ग्रीस पाण्याला दाद देत नाही, पण सुमारे ६० अंशांपुढे टिकत नाही. सोडियमचे गरमीत टिकते, पण पाण्याने धुऊन जाते. लिथियमचे पाणी सोसते आणि सुमारे १२० अंशांपर्यंत चालते. मिलजवळ रस-पाणी उडते, भारही मोठा. तिथे सोडियमचे कामाचे नाही.

डब्यावरचा नंबर दर्जा नव्हे, घट्टपणा सांगतो. ००० सर्वांत पातळ, ६ सर्वांत घट्ट. सर्वसाधारण बेअरिंगला २ नंबर चालतो.

आता आपल्या घरचे. लाकडी चाकाच्या आसाला एरंडेलाचे वंगण भागत असे. टायरच्या गाडीला व ट्रॉलीला तसे चालत नाही. हंगामापूर्वी हब उघडा. बेअरिंग रॉकेल किंवा डिझेलने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग बोटाने रोलरांच्या फटीत नवे ग्रीस भरा. जुन्यावर दुसऱ्या जातीचे घालू नका. मिश्रण पातळ होऊन गळते.

"जास्त भरलं तर जास्त टिकंल" हा समज खोटा. पंपाच्या मोटारीत ग्रीस ठासले की ते घुसळून तापते. बेअरिंगच्या घरातील मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत पुरे. ग्रीसगन लावण्याआधी निपल पुसा, नाहीतर ग्रीसबरोबर मातीही आत जाते.

खेप टाकल्यावर हबला जपून हात लावून पाहा. चटका बसला तर पुढची खेप भरण्याआधी चाक उघडा. भरल्या गाडीचे चाक वाटेत धरले, तर त्रास बैलांना आणि खोळंबा मागच्या सगळ्यांना.