श्वास रोखा, दहा सेकंद

ब्लड कॅन्सरच्या रुग्णाला एका यंत्रासमोर बसवतात, तोंडात नळी देतात आणि कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा खोल ओढायला सांगतात. वायू विषारी, पण इथे त्याचं प्रमाण जेमतेम ०.३ टक्के. सुमारे १० सेकंद श्वास रोखायचा, मग सोडायचा. हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतं, म्हणून फुप्फुसाच्या पडद्यापलीकडे गेलेला वायू रक्त लगेच टिपून घेतं. बाहेर आलेल्या हवेत तो किती कमी भरला, यावरून पडदा कितपत धड आहे ते कळतं. दहा सेकंदांत, एक टाचणीही न टोचता! मला या चाचणीचं नेहमी नवल वाटतं.

आजार रक्ताचा, मग चौकशी फुप्फुसांची का? कारण मूलपेशी प्रत्यारोपणाआधी जबर केमोथेरपी, कधी सर्वांगाला रेडिएशन देऊन जुना बोन मॅरो पुसून काढतात; हा मारा फुप्फुसांनाही झेपायला हवा. मग दात्याच्या पेशी रक्त चढवावं तशा शिरेतून सोडल्या जातात आणि त्या आपण होऊन हाडांच्या पोकळीत जाऊन वसतात. त्या रुजेपर्यंतचे दोन-तीन आठवडे अंगात पांढऱ्या पेशी जवळपास नसतात. अशा वेळी दाढेच्या मुळाशी दडलेला पूही जिवावर बेतू शकतो. म्हणून दंतवैद्याकडेही पाठवतात. हृदयाचा एको, यकृत, मूत्रपिंडं हे तर आहेच.

या उपचाराचा पाया घालणाऱ्या डॉनल थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं. पण पुढेही बराच काळ उतारवय म्हटलं की नकार ठरलेला असे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सौम्य पूर्वतयारीची पद्धत आली: आधीची केमोथेरपी-रेडिएशन हलकी ठेवायची आणि कॅन्सरच्या उरलेल्या पेशी मारण्याचं काम बरंचसं दात्याच्या प्रतिकारपेशींवरच सोपवायचं. मग वयापेक्षा शरीराची अवस्था महत्त्वाची ठरली. २००५ मध्ये सिएटलच्या मोहम्मद सोरोर आणि सहकाऱ्यांनी १७ सहव्याधींचं गुणांकन मांडलं. औषधं चालू असलेल्या मधुमेहाचा १ गुण, पूर्वीच्या दुसऱ्या कॅन्सरचे ३. उपचार घ्यावे लागणाऱ्या नैराश्याचाही १, आणि मन त्याच यादीत बसवलं हे फार योग्य झालं. बेरीज ३ किंवा अधिक म्हणजे धोका जास्त. तरी तेवढ्यावरून दार बंद होत नाही. पूर्वतयारी किती सौम्य ठेवायची, आधी काय बरं करून घ्यायचं, हे त्यावरून ठरवता येतं.

वयस्क रुग्णांना अनेक केंद्रांत चार मीटर चालवून वेगही मोजतात.

एका प्रश्नाला मात्र यंत्र नाही: सोबत कोण राहणार? मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९८३ मध्ये प्रत्यारोपणं सुरू केली आणि तिथे रुग्ण लांबलांबून येतात. सुट्टी मिळाली तरी पहिले साधारण १०० दिवस जोखमीचे. मध्यरात्री ताप चढला तर लगेच रुग्णालय गाठता आलं पाहिजे. त्यामुळे जवळपास खोली कुठे मिळेल, स्वयंपाक कोण करेल, सोबत्याची नोकरी किती दिवस थांबेल, याची बोलणी घरच्यांशी आधीच करावी लागतात.