विश्लेषण : खुन्याला फाशी द्यावी का? ख्रिस्ती धर्मात दोन मते कशामुळे?

ओडिशातील मनोहरपूर गावात २२ जानेवारी १९९९च्या रात्री जमावाने ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची फिलिप (१०) व टिमोथी (६) ही दोन मुले यांना गाडीत झोपलेले असताना जिवंत जाळले. पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. २००३ मध्ये मुख्य आरोपी दारासिंगला फाशी सुनावण्यात आली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली, तेव्हा फाशीच हवी म्हणून सीबीआय सर्वोच्च न्यायालयात गेली. जिचे घर उद्ध्वस्त झाले ती क्षमा करते आणि सरकारी यंत्रणा फाशी मागते, यात ख्रिस्ती धर्माचे म्हणणे काय? त्या धर्मात याचे एकच उत्तर नाही. ही मतभिन्नता कोठून आली, याचा हा आढावा.

बायबल काय सांगते?

दोन्ही बाजू बायबलचाच आधार घेतात. जुन्या करारातील ‘उत्पत्ती’च्या नवव्या अध्यायात, जलप्रलयानंतर देव नोहाला सांगतो की माणसाचे रक्त सांडणाऱ्याचे रक्त माणसाकडूनच सांडले जाईल, कारण माणूस देवाच्या प्रतिमेत घडवलेला आहे. मोशेच्या नियमशास्त्रातही जाणूनबुजून केलेल्या खुनाला देहदंडच आहे. नव्या करारात पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात म्हणतो, की राज्यकर्त्याच्या हाती तलवार उगाच दिलेली नाही. फाशीच्या समर्थकांची मुख्य भिस्त या वचनांवर आहे.

विरोधक त्याच ‘उत्पत्ती’तील चौथा अध्याय दाखवतात. बायबलमधला पहिला खुनी काइन. भाऊ हाबेलचा जीव घेणाऱ्या या काइनला देव हद्दपार करतो, पण कोणी त्याला मारू नये म्हणून त्याच्यावर खूणही करतो. डोळ्याच्या बदल्यात डोळा घेऊ नका, ही येशूची शिकवण आणि दगडांनी ठेचून मारले जाणार असलेल्या स्त्रीला त्याने वाचवल्याचा प्रसंग यांचाही दाखला दिला जातो. शिवाय येशू स्वतःच मृत्युदंडाचा बळी होता, याची आठवण ते करून देतात.

चर्च आधीपासून फाशीविरोधी होते का?

नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीन यांनी एका धर्मगुरूच्या मारेकऱ्यांना ठार करू नये, अशी विनंती रोमन अधिकाऱ्याला केली होती. मात्र राज्याला देहदंडाचा अधिकारच नाही, असे त्यांचे म्हणणे नव्हते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी सडलेला अवयव कापून शरीर वाचवण्याची उपमा देऊन या शिक्षेचे समर्थन केले. खुद्द पोपच्या राज्यात जोव्हानी बुगात्ती या जल्लादाने १७९६ पासून सुमारे सात दशकांत पाचशेहून अधिक जणांना देहदंड दिला. व्हॅटिकनच्या कायद्यातही पोपच्या हत्येच्या प्रयत्नासाठी ही शिक्षा १९६९ पर्यंत होती.

मग कॅथलिक भूमिका कधी बदलली?

१९९५ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘इव्हांजेलियम व्हिटे’ या परिपत्रकात म्हटले, की समाजाच्या रक्षणासाठी दुसरा मार्गच नसेल तरच ही शिक्षा समर्थनीय ठरेल आणि आधुनिक तुरुंगांमुळे अशी वेळ जवळपास येतच नाही. १९९९ मध्ये त्यांच्या विनंतीवरून अमेरिकेतील मिसुरीचे गव्हर्नर मेल कार्नाहन यांनी डॅरेल मीस या कैद्याची फाशी रद्द केली. ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘कॅटेकिझम’ या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथात बदल करून मृत्युदंड कोणत्याही परिस्थितीत अस्वीकार्य ठरवला. गंभीर गुन्ह्यानंतरही माणसाची प्रतिष्ठा संपत नाही आणि फाशीने पश्चात्तापाची संधी कायमची जाते, हे त्यामागचे कारण. शतकानुशतकांची शिकवण अशी बदलता येते का, असा आक्षेप काही कॅथलिक विचारवंतांनी घेतला आहे.

प्रोटेस्टंट पंथांचे काय?

तेथे मतभेद अधिक ठळक आहेत. अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने २००० मध्ये मृत्युदंडाच्या बाजूने ठराव केला. क्वेकर आणि मेथडिस्टांचा मोठा गट दीर्घकाळ विरोधात आहे. टेक्सासमध्ये खुनासाठी दोषी ठरलेली कार्ला फे टकर तुरुंगात श्रद्धाळू ख्रिस्ती झाली. तिला जीवदान मिळावे म्हणून फाशीचे समर्थक असलेले धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन यांनीही आवाज उठवला, तरी फेब्रुवारी १९९८ मध्ये तिला विषारी इंजेक्शन देण्यात आले. ‘नॅशनल असोसिएशन ऑफ इव्हांजेलिकल्स’ने २०१५ मध्ये दोन्ही मते प्रामाणिक ख्रिस्ती मते असल्याचे मान्य केले.

क्षमा म्हणजे शिक्षामाफी का?

वादाची खरी गाठ येथे आहे. क्षमा करणे आपले काम आणि गुन्ह्याची शिक्षा ठरवणे कायद्याचे, अशी ग्लॅडिस स्टेन्स यांची भूमिका होती. पती व मुले गमावल्यावरही त्या २००४ पर्यंत ओडिशात कुष्ठरुग्णांची सेवा करत राहिल्या. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सीबीआयची फाशीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २१ जानेवारी २०११ रोजी फेटाळली आणि जन्मठेप कायम ठेवली. ती न्यायालयाच्या कायदेशीर निकषांवर, क्षमेवर नव्हे.

मध्य प्रदेशात २५ फेब्रुवारी १९९५ रोजी सिस्टर राणी मारिया यांची बसमध्ये हत्या झाली. मारेकरी समुंदर सिंग याला जन्मठेप झाली. राणी मारिया यांची बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठीही प्रयत्न केले आणि २००६ मध्ये तो सुटला. येथे शिक्षा झाली, क्षमाही झाली. मात्र ही क्षमा अनुभवायला गुन्हेगार जिवंत होता, याकडे फाशीचे विरोधक लक्ष वेधतात.

वाद कोठे येऊन थांबतो?

माणूस देवाची प्रतिमा आहे, या एकाच वचनाशी. समर्थक म्हणतात, माणसाचा जीव इतका मोलाचा की तो घेणाऱ्याने स्वतःचा जीव गमावलाच पाहिजे. सौम्य शिक्षेने बळीचे मोल कमी होते. विरोधक म्हणतात, खुनीही त्याच प्रतिमेत घडलेला आहे. भारतात १९८० च्या बचन सिंग निकालानुसार ‘दुर्मीळातील दुर्मीळ’ प्रकरणातच फाशी देता येते आणि त्याआधी गुन्हेगार सुधारू शकतो का, हेही पाहावे लागते. धर्मग्रंथातला तोच प्रश्न, वेगळ्या भाषेत, न्यायाधीशांसमोरही उभा राहतो.