स्टेप एक, उडी दोनची: हायपरव्हायजर आणि सिंगल-स्टेपिंग

डीबगरमध्ये आपण 'स्टेप' दाबतो, एक इन्स्ट्रक्शन चालते आणि प्रोग्राम थांबतो. शिकण्यासाठी मी एक छोटा हायपरव्हायजर लिहिला होता. त्याच्या गेस्टमध्ये मात्र सीपीयूआयडी या इन्स्ट्रक्शनवर स्टेप केलं की डीबगर दोन इन्स्ट्रक्शन पुढे जाऊन थांबायचा. दोन दिवस मी डीबगरलाच दोष देत बसलो. चूक माझ्या कोडमध्ये होती.

आधी स्टेपिंग कसं चालतं ते बघू. एक्स८६ प्रोसेसरच्या आरफ्लॅग्ज रजिस्टरमधला क्रमांक ८ चा बिट म्हणजे ट्रॅप फ्लॅग. इन्स्ट्रक्शन सुरू होताना तो १ असेल, तर ती पूर्ण झाल्यावर प्रोसेसर डीबग एक्सेप्शन देतो आणि डीआर६ रजिस्टरमधला क्रमांक १४ चा बिट, म्हणजे बीएस, सेट करतो.

आता गेस्टचं बघा. इंटेल व्हीटी-एक्सवर गेस्टने सीपीयूआयडी चालवायला घेतली की व्हीएम एक्झिट होतेच. हायपरव्हायजर तिचं उत्तर रजिस्टरमध्ये भरतो, आरआयपी पुढे सरकवतो आणि गेस्टला पुन्हा सुरू करतो. पण प्रोसेसरच्या लेखी ती इन्स्ट्रक्शन पूर्ण झालीच नाही, मग ट्रॅप कुठून येणार? पुढची इन्स्ट्रक्शन चालते आणि ट्रॅप तिच्यानंतर येतो. एक पायरी गायब!

ही नुसती गैरसोय नाही. आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत का, हे मालवेअर याच फरकावरून ओळखू शकतं.

उपाय असा: जे काम प्रोसेसरने केलं असतं, ते एम्युलेटरने करायचं. तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१. ट्रॅप फ्लॅगची जुनी किंमत, म्हणजे इन्स्ट्रक्शन सुरू होण्याआधीची, तपासा. पॉपएफने फ्लॅग सेट केला, तर ट्रॅप पॉपएफनंतर नाही, तिच्या पुढच्या इन्स्ट्रक्शननंतर येतो.

२. इन्स्ट्रक्शन नीट पूर्ण झाली तरच ट्रॅप द्या. मध्येच फॉल्ट आला, तर गेस्टला तो फॉल्टच मिळायला हवा.

३. स्टेप कोण करतंय ते बघा. गेस्टचा स्वतःचा डीबगर असेल, तर एक्सेप्शन गेस्टमध्ये घाला. बाहेरून होस्टवरचा डीबगर जोडलेला असेल, तर गेस्टला कळू न देता बाहेर या. लिनक्सचं केव्हीएम हेच करतं.

एक्सेप्शन घालताना मी आणखी एकदा फसलो. व्हीएम एन्ट्रीच्या वेळी आपण इंजेक्ट केलेलं डीबग एक्सेप्शन डीआर६ बदलत नाही, त्यामुळे बीएस बिट आपणच लावावा लागतो. त्याऐवजी व्हीएमसीएसमधल्या पेंडिंग डीबग एक्सेप्शन्स या फील्डमध्ये बीएस लावला, तर डीआर६ प्रोसेसर सांभाळतो.

तपासायला सोपी टेस्ट आहे: पॉपएफने फ्लॅग लावा, मग सीपीयूआयडी, मग दोन नॉप. एक्सेप्शनमध्ये आरआयपी पहिल्या नॉपवर दिसला, तर तुमचा हायपरव्हायजर बरोबर. दुसऱ्यावर दिसला, तर डीबगरला शिव्या घालू नका.