बेगम बाजारातली तूर



धर्मग्रामाच्या सणासाठी मोठी पातेली घ्यायची म्हणून आम्ही मध्यंतरी हैदराबादला बेगम बाजारात गेलो होतो. आपला मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. त्यामुळे लग्नाची भांडी, मसाला, सुकामेवा घ्यायचा तर बेगम बाजार गाठायचा, ही जुन्या माणसांची सवय अजून पुरती मोडलेली नाही.

पातेल्यांचा सौदा आटोपून एका डाळवाल्याच्या दुकानी पाणी प्यायला टेकलो. त्याच्यापुढे तीन ताटल्यांत तुरीचे नमुने होते. आम्ही शेतकऱ्याच्या घरचे, त्यामुळे हात आपोआप पुढे गेला. पहिली आपल्याकडची लाल तूर. दुसरी ब्रह्मदेशची, तिला व्यापारी 'लेमन' म्हणतात. तिसरी दिसायला बारीक. शेठजी म्हणाले, "फादर साब, ये गजरी है, मोझांबिक का माल."

ती तूर हातात घेतली आणि आपल्याच एका शेतकऱ्याचा प्रश्न आठवला. मिस्सेनंतर तो आम्हाला म्हणाला होता, "फादर, गरीब देशांना मदत करायची तर सरकारने खुशाल करावी. पण ती माझ्या तुरीच्या भावातून कशाला?" तेव्हा आम्हाला नीट उत्तर देता आले नव्हते. आज देण्याचा प्रयत्न करतो.

परदेशी मदत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर धान्याची पोती येतात. तशी मदत आपण घेतलेली आहे. 1956 च्या करारापासून 'पीएल 480' या अमेरिकी कायद्याखाली गहू आपल्या देशात येऊ लागला. 1965 आणि 1966 साली पाऊस दगा देऊन गेला, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन एकेक जहाज हात राखून सोडत होते. आपली धोरणे त्यांच्या मनाप्रमाणे असावीत, हा त्यामागचा हेतू होता. 1972 च्या दुष्काळात आपल्या लोकांनी खाल्लेली लाल मिलो परदेशचीच. त्या धान्याने जीव वाचले, हे विसरू नये. पण देणाऱ्याच्या हाती दोरी राहते, हेही तेव्हाच कळले. आपल्या बांधांवर माजलेले गाजरगवतसुद्धा त्या गव्हाबरोबर आले असे मानतात. ते 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम दिसले. अंगाला खाज आणि दमा देणारे हे गवत खाणारा भुंगाही 1983 साली मेक्सिकोहूनच आणावा लागला.

दुसऱ्या प्रकारची मदत ज्ञानाची. बेगम बाजारापासून फार दूर नाही, पाटणचेरू येथे 1972 साली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था उभी राहिली. तिला जमीन भारताने दिली, तर पैसा अनेक देशांच्या सरकारांनी आणि प्रतिष्ठानांनी पुरवला. मर आणि वांझ या दोन्ही रोगांना दाद न देणारी 'आशा' तूर, म्हणजे आयसीपीएल 87119, तिथलीच. मर रोगाला तोंड देणारी 'मारुती'ही तिथलीच. हे वाण आपल्यापैकी कितीतरी जणांनी पेरले आहेत. खाल्लेला गहू संपला, पण बियाणे शेतात राहिले. याच संस्थेने टांझानिया, मलावी, मोझांबिक येथील शेतकऱ्यांनाही तुरीचे सुधारित वाण दिले. म्हणजे त्या गजरी तुरीचे आणि आपल्या तुरीचे थोडेफार नाते आहे.

तिसरा प्रकार व्यापाराचा. गरीब देशाला नुसते दान देण्यापेक्षा त्याचा माल घ्यावा, हा विचार जगात जोर धरून आहे. पोप सहावे पॉल यांनी 1967 च्या 'पॉप्युलोरुम प्रोग्रेसियो' या परिपत्रकात हेच सांगितले: व्यापार न्याय्य नसेल तर एका हाताने दिलेली मदत दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखी होते. भारताने 2008 साली अतिमागास देशांच्या बहुतेक मालावरील आयातशुल्क माफ करण्याची योजना जाहीर केली. मोझांबिक त्यांतलाच एक देश.

आता 2015 साल आठवा. तूरडाळ किलोला 200 रुपयांच्या घरात गेली होती. त्या टंचाईत, जुलै 2016 मध्ये, भारताने मोझांबिकशी करार केला. पहिल्या वर्षी 1 लाख टन आणि पुढे वाढवत 2 लाख टनांपर्यंत तूर घ्यायचे ठरले. तिकडच्या शेतकऱ्यांनी भरवशाने पेरले. इकडे चढा भाव बघून आपणही पेरले, आणि पाऊसही चांगला झाला. 2017 साली काय झाले ते तुम्हाला सांगायला नको. हमीभाव बोनससह 5,050 रुपये होता, पण बाजारात त्याच्या खालीच बोली लागे. खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, बारदाना संपला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला 2 लाख टनांची मर्यादा घातली. करारातला माल त्यातून वगळला होता, पण बाकीचा व्यापार थंडावला. मोझांबिकमध्ये तुरीचा भाव कोसळला आणि तिथल्या गरिबाचे पीक घरात पडून राहिले. बंधूंनो, एकाच वर्षात दोन देशांतले दोन गरीब शेतकरी एकाच पिकापायी बुडाले. तुमचा भाव त्याने पाडला नाही आणि त्याचा तुम्ही पाडला नाही. टंचाईच्या वर्षी घाबरून घेतलेला निर्णय सुकाळाच्या वर्षी दोघांच्या अंगावर आला.

हा प्रश्न पुढे मोठाच होणार आहे, कारण दानाचा ओघ आटतो आहे. श्रीमंत देशांनी आपल्या उत्पन्नाचा 0.7 टक्का मदतीला द्यावा, असे संयुक्त राष्ट्रांनी 1970 साली ठरवले. ते बहुतेकांनी पाळले नाही. 2025 साली अमेरिकेने आपली 'यूएसएड' ही मदत संस्थाच गुंडाळली. ब्रिटननेही 2027 पर्यंत मदत 0.5 वरून 0.3 टक्क्यावर आणण्याचे जाहीर केले. इक्रिसॅटसारख्या संस्थांना पोसण्यात अमेरिकेचा मोठा वाटा होता. उद्या नवा रोग आला तर नवे वाण कोण काढणार, ही चिंता आपलीही आहे.

मग मागायचे काय? आयातच बंद करा, असे आम्ही म्हणणार नाही. मोझांबिकची तूर साधारण जुलै ते सप्टेंबरात निघते, आपली डिसेंबर-जानेवारीपासून बाजारात येते. किती माल येणार, केव्हा येणार, हे पेरणीआधी जाहीर व्हावे आणि आपला माल यार्डात असताना बाहेरच्या मालाला आवर असावा. ही मागणी न्याय्य आहे. ग्रामसभेत, बाजार समितीत आणि मत मागायला येणाऱ्यांपुढे ती मांडावी.

आपल्या हाती आहे ते असे:

1) वर्षाची डाळ आधी घरात ठेवा, मग विका. हैदराबादच्याच राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये सांगितलेल्या आहारात डाळी, अंडी, मांस मिळून माणशी रोज 85 ग्रॅम धरले आहेत. तूर पिकवणाऱ्याच्या लेकराच्या ताटात पातळ पाणी असावे, ही लाजेची गोष्ट आहे.

2) ई-पीक पाहणीत तुरीची नोंद वेळेवर करा. 2025-26 च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला 8,000 रुपये ठरला. सातबाऱ्यावर पीक नसेल तर खरेदी केंद्रावर अडचण येते.

3) निकडीपायी सगळे पोते एका दिवशी विकू नका. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात तूर ठेवून तिच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज 6 टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. आपली बाजार समिती ही योजना चालवते का, ते आधी विचारून या.

4) पेरणीपूर्वी बियाण्याला ट्रायकोडर्मा आणि रायझोबियम चोळा. तुरीत परपरागीकरण होते, म्हणून घरचे बियाणे वर्षानुवर्षे तेच वापरू नका.

ज्याने प्रश्न विचारला त्या शेतकऱ्याला आम्ही बेगम बाजारातून मूठभर गजरी आणून दाखवणार आहोत. ती पिकवणाऱ्यालाही लेकरांच्या शाळेची फी भरायची असते. तारण योजनेच्या अर्जाबाबत अडचण असेल त्यांनी रविवारी मिस्सेनंतर सातबारा घेऊन थांबावे. आपण मिळून अर्ज भरू.