दख्खनची माळराने: उघड्यावरची जैवविविधता

महाराष्ट्रातील वन्यजीवनाचा विषय निघाला की ताडोबा, मेळघाट आणि सह्याद्रीतील दाट वने यांवरच बहुतेक लेखन खर्ची पडते. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेत, म्हणजे घाटमाथ्यावर बरसून गेलेल्या ढगांच्या पलीकडील कोरड्या पट्ट्यात, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांतून पसरलेल्या माळरानांची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. या पट्ट्यात वर्षाला साधारण ५०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि मुरमावर मातीचा थर पातळ असतो, त्यामुळे येथे दाट जंगल उभे राहत नाही. राज्य असते ते गवताचे, आणि त्यात हिवर, बोर, बाभूळ, तरटी अशी काटेरी झाडेझुडपे विखुरलेली दिसतात. विरळ झाडांच्या अशा गवताळ परिसंस्थेला शास्त्रीय परिभाषेत सॅव्हाना म्हणतात.

मूळचे जंगल तोडले गेले आणि त्यातून माळ उरला, हा समज अभ्यासकांतही बराच काळ टिकून होता. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी जुन्या मराठी वाङ्मयातील वनस्पतींचे उल्लेख तपासून तो खोडून काढला. तेराव्या शतकापासूनच्या या साहित्यात काटेरी आणि उघड्यावर वाढणाऱ्या झाडांची नावे वारंवार येतात, आणि त्यांवरून ही माळराने किमान ७५० वर्षे जुनी असल्याचे अनुमान त्यांनी काढले. शेकडो वर्षे ज्यांच्याकडे केवळ धर्मग्रंथ किंवा काव्य म्हणून पाहिले गेले, ते ग्रंथ परिसंस्थेच्या इतिहासाची साधने ठरावेत, हे मराठी वाचकासाठी विशेष आहे.

माळावरचे गवत दुरून एकसारखे भासले, तरी पवन्या, डोंगरी, मारवेल आणि कुसळी यांच्या वाढीची रीत, पोषणमूल्य आणि पिकण्याचा काळ वेगवेगळा असतो. त्यांपैकी कुसळीचे बी जवळून पाहण्यासारखे आहे. त्याच्या टोकदार बुडाशी उलट दिशेचे ताठ केस असतात आणि वरच्या बाजूस लांब, पीळ पडलेले कुसळ असते. दमट हवेत हा पीळ सुटतो, कोरड्या हवेत पुन्हा बसतो, आणि या हालचालीने बी स्वतःला जमिनीत रोवून घेते. हेच कुसळ मेंढीच्या लोकरीतून कातडीपर्यंत पोहोचत असल्याने कुसळी कोवळी असतानाच चारून घ्यावी लागते, हे धनगरांना कोणी शिकवावे लागत नाही.

या गवताच्या आधाराने लांडगा, खोकड, तरस, काळवीट आणि चिंकारा जगतात. धाविक, माळटिटवी, पखुर्डी आणि चंडोल उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, तर हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी रात्री गवतातच मुक्काम करतात आणि दिवसा नाकतोडे टिपतात. या अन्नसाखळीतील एखादा दुवा सैल झाला की काय घडते, याचा नमुना साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर मिळतो. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी होते, परिणामी रंगीत गळ्याच्या सरड्यांची संख्या वाढली, ते निर्धास्त झाले आणि नरांच्या गळ्याचे रंगही फिके पडले. वीज स्वच्छ असली, तरी तिची किंमत कोणीतरी मोजतच असते.

माळरानाचा सर्वांत दुर्दैवी प्रतिनिधी माळढोक होय. सुमारे पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा हा पक्षी एका खेपेस बहुधा एकच अंडे, तेही जमिनीवर, घालतो. त्याच्या डोळ्यांची ठेवण अशी की समोरचे त्याला नीट दिसत नाही, त्यामुळे उच्च दाबाच्या तारांवर आदळून तो मरतो. त्याच्यासाठी १९७९ मध्ये नान्नज येथे अभयारण्य जाहीर झाले, परंतु सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरच्या त्या घोषणेत शेतजमिनी आणि गावेही सामावली गेली. खरेदी-विक्री आणि बांधकाम यांवर बंधने आल्याने पक्ष्याविषयीची आपुलकी आटली. पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले, तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. कागदावर मोठे क्षेत्र आखणे आणि प्रत्यक्ष अधिवास राखणे यांतील अंतर याहून स्पष्टपणे क्वचितच दिसते. आज माळढोकाची सर्वाधिक संख्या राजस्थानात उरली असून तेथील तारा जमिनीखालून नेण्याचा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिलेला आदेश २०२४ मध्ये मागे घेऊन तो प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला गेला.

तुलनेने छोटी क्षेत्रे अधिक यशस्वी ठरली. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचे, सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य ५.१४ चौरस किलोमीटरचे. मात्र काळवीट आणि लांडगा कुंपण मानत नाहीत. त्यांचा बराचसा वावर गायराने आणि पडीक म्हणून नोंदलेल्या जमिनींवर असतो, आणि नेमक्या त्याच जमिनी उद्योग, सौर प्रकल्प व वृक्षारोपणासाठी सर्वप्रथम डोळ्यांपुढे येतात. गिरिपुष्प किंवा सुबाभूळ यांची रोपे माळावर लावणे हे चांगले काम समजले जात असले, तरी त्या सावलीत गवत मागे हटते आणि माळावरचे जीव परागंदा होतात. अशा ठिकाणी झाडे लावण्यापेक्षा न लावणे अधिक हिताचे. भटक्या कुत्र्यांमुळे आणखी एक संकट ओढवले आहे: पुणे जिल्ह्यात लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीत आढळले आहे.

माळावरच्या या जीवसृष्टीची दखल घेण्याची एक वाट कायद्यातच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातील वनस्पती, प्राणी व त्यांविषयीच्या पारंपरिक ज्ञानाची नोंद, तयार करावी, अशी तरतूद आहे. माळाचे बारकावे सर्वाधिक ठाऊक असलेले धनगर दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन कोकणाकडे निघतात, शेतांत मेंढ्या बसवून खताच्या बदल्यात धान्य घेतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्यामुळे उन्हाळ्यात नोंदवही भरायला घेतली, तर त्यांचे ज्ञान तिच्यात उतरणे कठीण आहे. नोंदणीचे काम पावसाळ्यात, गवत उभे असताना आणि धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह मुक्काम, गावाजवळ असताना करणे ही त्यावरची साधी तजवीज आहे.